हात लावू नका, मशीन अडकलंय

सिल्वासात मशीन हँग झालं की उपाय एकच. पॅनेलचं दार उघडायचं, एमसीबीचा, म्हणजे वीज तोडणारा खटका खाली पाडायचा, दहापर्यंत आकडे मोजायचे, एमसीबी वर. ऑपरेटर ओडिशाचा असो, बिहारचा असो, नाहीतर खानवेलकडचा वारली असो, हे शिक्षण त्याला पहिल्याच पाळीत मिळतं. मशीन सुरू होतं, सुपरवायझर रजिस्टरात ‘रिसेट किया, ओके’ लिहितो आणि चहाला जातो. त्याचं काही चुकत नाही, त्याला सूत काढायचंय. पण दहा आकडे मोजेपर्यंत माझ्या कामाचा सगळा पुरावा पुसला गेलेला असतो, आणि काही दिवसांनी तेच मशीन पुन्हा तसंच अडकणार असतं.

मी पॉलिएस्टर सुताच्या कारखान्यांमधली इलेक्ट्रॉनिक कार्डं बघते. दादरा आणि नगर हवेलीत करसवलतींच्या काळात जे कारखाने आले, त्यात टेक्श्चरायझिंगची मशीन्स मोठ्या संख्येने होती. मसाट, पिपरिया, रखोली या बाजूला अजूनही ती दिवसरात्र चालतात. गुळगुळीत, सरळ पॉलिएस्टर धागा एका टोकाने आत जातो, तापतो, ओढला जातो, पीळ घेतो, थंड होतो आणि दुसऱ्या टोकाला फुगीर, लवचीक होऊन बॉबिनवर गुंडाळला जातो. साडी, शर्ट, पडदे, सगळ्यांत हे सूत असतं. एका मशीनवर असे दोनशेहून जास्त धागे शेजारी शेजारी पळत असतात. वेग मिनिटाला सातशे मीटर धरा. म्हणजे सेकंदाला साडेअकरा मीटरपेक्षा जास्त.

आता यातला एक धागा पुढे कुठेतरी तुटला, तर मागून येणारं सूत लगेच कापावं लागतं. नाही कापलं तर ते फिरत्या शाफ्टवर गुंडाळत राहतं, कडक होतं, आणि मग ब्लेड घेऊन ते तासून काढावं लागतं. कापायचा निर्णय माझ्या हातात मावेल एवढं एक कार्ड घेतं. त्यावरच्या प्रोसेसरमध्ये एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असते, जिला रिअल-टाइम म्हणतात. रिअल-टाइम म्हणजे फार वेगवान, असा समज आहे. तो खरा नाही. तुमच्या फोनचा प्रोसेसर माझ्या कार्डापेक्षा कितीतरी पटींनी वेगवान आहे, पण तो कधी कधी क्षणभर अडखळतो आणि तुम्ही मनावर घेत नाही. माझ्या कार्डाला अडखळायची परवानगी नाही. उत्तर ठरलेल्या वेळेत आलं पाहिजे. उशिरा आलेलं बरोबर उत्तर इथे चूकच असतं.

प्रोसेसर एक, कामं अनेक. धाग्याचा ताण मोजणं, कटर चालवणं, मुख्य संगणकाशी बोलणं, घडलेल्या घटनांची नोंद मेमरी चिपवर लिहिणं, पडदा दाखवणं. या प्रत्येक कामाला टास्क म्हणतात. कोणत्या क्षणी कोणता टास्क चालेल, हे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल ठरवतो. प्रत्येक टास्कला अग्रक्रम असतो. वरच्या अग्रक्रमाचा टास्क तयार झाला की खालच्याला मध्येच थांबवून तो धावतो. आणि ज्या गोष्टी सगळ्यांच्या वापरातल्या आहेत, उदाहरणार्थ सेटिंगचा तक्ता किंवा मेमरी चिप, त्यांना लॉक असतं: एका वेळी एकानेच हात लावायचा, काम झालं की लॉक सोडायचं. लॉक नसेल तर एक टास्क अर्धा तक्ता बदलतो न बदलतो तोच दुसरा तो वाचतो, आणि जुन्या-नव्याची खिचडी खरी मानून कटर चालवतो.

वर्कशॉपमध्ये बेअरिंग काढायचा मोठा पुलर एकच आणि चेनकप्पीही एकच, असं समजा. एका फिटरने पुलर घेतला आणि तो चेनकप्पीची वाट बघत बसला. दुसऱ्याने चेनकप्पी घेतली आणि तो पुलरची वाट बघत बसला. दोघेही आज्ञाधारक; हातातलं सोडायचं नाही, मागितलेलं मिळेपर्यंत थांबायचं. पाळी संपेल, दोघे उठणार नाहीत. याला डेडलॉक म्हणतात. डच शास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ च्या सुमारास हा पेच नीट मांडला, आणि १९७१ मध्ये कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तिघांनी तो व्हायला कोणत्या चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात ते लिहून ठेवलं: वस्तू एकालाच वापरता येते, हातातलं धरून दुसरं मागितलं जातं, कोणी हिसकावून घेऊ शकत नाही, आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ तयार होतं. चारातली एक जरी मोडली तरी डेडलॉक होत नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, पुढे लागणार आहे.

डेडलॉकपेक्षा गुंतागुंतीचा एक प्रकार आहे, ज्यात कोणी कायमचं अडकत नाही तरीही काम बुडतं. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण मंगळावर घडलं.

४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर यान मंगळावरच्या एरेस व्हॅलिस या भागात उतरलं. एअरबॅगमध्ये गुंडाळलेलं, उसळ्या घेत घेत. त्याच्या पोटातून सोजर्नर नावाची छोटी गाडी बाहेर पडली, आणि जगभर तिचे फोटो छापून आले. यानातला संगणक २० मेगाहर्ट्‌झचा, आजच्या हिशेबाने खेळण्यातला. ऑपरेटिंग सिस्टिम व्हीएक्सवर्क्स, अमेरिकेतल्या विंड रिव्हर कंपनीची. उतरल्यानंतर काही दिवसांनी, यानाने हवामानाच्या नोंदी घ्यायला सुरुवात केल्यावर, संगणक आपोआप रिसेट होऊ लागला. गोळा झालेली माहिती मेमरीत टिकत होती, पण त्या दिवसाची उरलेली कामं बुडत होती आणि दुसऱ्या दिवसावर जात होती. पृथ्वीवरून संदेश पोचायलाच दहा मिनिटांहून जास्त वेळ लागत होता. तिथे एमसीबी पाडायला कोणी नव्हतं; यान स्वतःच स्वतःचा एमसीबी पाडत होतं.

झालं होतं ते असं. यानातल्या सगळ्या उपकरणांना जोडणारी एक माहितीवाहिनी होती आणि तिचा कारभार दोन टास्क बघत. एक टास्क पुढच्या फेरीचं वेळापत्रक मांडी, दुसरा आलेली माहिती वाटून देई. ही फेरी सेकंदाच्या आठव्या भागात पुरी व्हायची. वेळापत्रकवाला टास्क दर फेरीला बघे, की वाटपवाल्याचं काम झालं का. झालं नसेल तर काहीतरी भयंकर बिघडलंय असं समजून तो संगणक रिसेट करी. दोघांचा अग्रक्रम वरचा. हवामानाच्या नोंदी घेणारा टास्क मात्र अगदी खालच्या पायरीवरचा होता. पण माहिती घेण्यासाठी त्यालाही एक लॉक लागत असे, आणि तेच लॉक वाटपवाल्यालाही लागे.

हवामानवाल्याने लॉक घेतलं. वाटपवाला आला, लॉक मिळेना, थांबला. इथवर ठीक, हवामानवाला क्षणात लॉक सोडेल. पण तेवढ्यात मधल्या अग्रक्रमाचे टास्क जागे झाले. त्यांना त्या लॉकशी काही देणंघेणं नाही. ते हवामानवाल्यापेक्षा वरचे, म्हणून त्यांनी त्याला बाजूला सारलं आणि आपली कामं करत बसले. हवामानवाल्याला प्रोसेसर मिळेना, म्हणून तो लॉक सोडेना, म्हणून त्या मधल्यांहून वरचा वाटपवाला बसून राहिला. वर्कशॉपच्या भाषेत: पुलर हेल्परच्या हातात आहे, तातडीच्या कामाचा फिटर त्याची वाट बघतोय, आणि येणारा जाणारा प्रत्येक मधला साहेब हेल्परला ‘जरा इकडे ये’ म्हणून दुसऱ्याच कामाला लावतोय.

गाठ सोडवण्याची पद्धत तोवर छापून आलेली होती. बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी १९८० मध्येच हा धोका लिहून ठेवला होता. कार्नेगी मेलन विद्यापीठातले लुई शा, रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहॉट्स्की यांनी १९९० मध्ये त्यावरचा उपाय गणिताने सिद्ध करून मांडला: ज्याच्या हातात लॉक आहे त्याला, तो लॉक सोडेपर्यंत, वाट बघणाऱ्यातल्या सगळ्यात वरच्याचा अग्रक्रम उसना द्यायचा. पुलर हातात आहे तोवर हेल्पर हा तातडीच्या कामाचाच माणूस, त्याला कोणी हाक मारायची नाही. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होती. लॉक तयार करताना एक पर्याय चालू ठेवायचा की झालं. पण तो चालू केला की प्रत्येक वेळी थोडा जास्त वेळ जातो, म्हणून तो मुळात बंद असे, आणि हे लॉक ज्या सुविधेच्या पोटात होतं तिथे तो बंदच राहिला होता.

पॅसाडेनाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत यानाची जुळी प्रतिकृती होती. तिथे त्यांनी त्याच कामांचा क्रम पुन्हा चालवला आणि नोंदणी चालू ठेवली: कोणता टास्क कधी थांबला, कोणी कोणतं लॉक घेतलं, कधी सोडलं. रिसेट प्रयोगशाळेत पकडला गेला, नोंदी वाचल्या, गाठ दिसली. मग यानावरच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल पाठवून तो पर्याय चालू केला गेला. रिसेट थांबले.

या गोष्टीचं एक लोकप्रिय रूप आहे, ज्यात नोंदणीची ही सोय यानात ‘चुकून राहून गेली’ असं सांगतात. पाथफाइंडरच्या सॉफ्टवेअर गटाचे प्रमुख ग्लेन रीव्ह्‌ज यांनी नंतर स्पष्ट लिहिलं, की ती मुद्दाम ठेवलेली होती. जे तपासलं तेच उडवायचं, हे त्यांचं धोरण होतं. मला या सगळ्या कथेत मंगळापेक्षा हे वाक्य मोलाचं वाटतं. त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली: असे रिसेट उड्डाणाआधी चाचणीत दिसले होते, पण पुन्हा घडवून आणता आले नाहीत, आणि सुरक्षित उतरण्याचं सॉफ्टवेअर तेव्हा जास्त निकडीचं होतं. डिसेंबर १९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत विंड रिव्हरच्या डेव्हिड विल्नर यांनी ही हकीकत सांगितली तेव्हा शा, राजकुमार आणि लेहॉट्स्की तिघेही सभागृहात होते, आणि लोकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. गणिती सिद्धतेला टाळ्या मिळण्याचे प्रसंग विरळाच.

आता पुन्हा खाली, मसाटला.

ज्या कार्डाबद्दल मी सांगणार आहे ते बनवणाऱ्याचं नाव इथे नको, कारखान्याचंही नको. तक्रार अशी, की अधूनमधून एखाद्या भागातले कटर काम करणं सोडतात. पडदा व्यवस्थित चालू, आकडे दिसतायत, हिरवा दिवा लागलेला. धागा तुटतो, कटर पडत नाही, सूत शाफ्टला गुंडाळतं, ऑपरेटर धावतो, एमसीबी पाडतो. रजिस्टरात ‘कटर फेल’. मग कटर बदलले गेले. मग कटरची वायर बदलली गेली. मग कोणीतरी म्हणालं की पावसाळ्यात वीज हेलकावे खाते म्हणून होतंय, आणि यूपीएस बसला. प्रत्येक उपायानंतर काही दिवस सगळं ठीक चाले, कारण प्रत्येक उपायाच्या शेवटी मशीन बंद करून चालू केलेलं असे.

मी पॅनेलच्या दारावर मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवला: ‘कटर न चले तो हाथ मत लगाना, मॅडम को फोन करो।’ प्रॉडक्शन मॅनेजरना तो अजिबात आवडला नाही. अडकलेलं कार्ड तसंच ठेवायचं म्हणजे तेवढे धागे बंद ठेवायचे. अर्ध्या तासावर तडजोड झाली.

फोन आला तो २ ऑगस्टला. आमच्याकडे हा मुक्तिदिन. १९५४ साली याच दिवशी सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. बाबूजी म्हणजे सुधीर फडके, राजा वाकणकर आणि त्यांच्यासारख्या मराठी मंडळींनी त्या लढ्यात उडी घेतली होती, हे इथल्या नव्या पिढीला क्वचितच माहीत असतं. ऑफिसं बंद, मशीन्स चालू, आणि मुख्य म्हणजे मॅनेजर गावाला. अर्ध्या तासाचा एक तास करता आला.

अडकलेल्या प्रोसेसरला वीज न तोडता आतून बघता येतं. कार्डावर चार-पाच पिनांचं एक कनेक्टर असतं, कारखान्यात प्रोग्राम भरण्यासाठी ठेवलेलं. त्याला डीबगर जोडला की लॅपटॉपवरून प्रोसेसर जागच्या जागी गोठवता येतो आणि सगळी मेमरी वाचता येते. यात एक सापळा आहे, तो सांगून ठेवते, कारण या धंद्यातल्या नव्या मुलांचे दिवसच्या दिवस त्यात जातात. बऱ्याच डीबगर सॉफ्टवेअरमध्ये ‘जोडताना चिप रिसेट करा’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो काढला नाही, तर इतका खटाटोप करून तुम्ही स्वतःच एमसीबी पाडलेला असतो.

मेमरीत नुसते आकडे असतात. कोणता आकडा कशाचा, हे सांगणारी मॅप फाइल कार्ड बनवणाऱ्यांकडून मिळवली होती. ती मिळवायला जेवढा पत्रव्यवहार लागला तेवढा वेळ प्रत्यक्ष तपासाला लागला नाही. कर्नल प्रत्येक टास्कची एक नोंद ठेवतो: चालू आहे, तयार आहे की थांबलाय, आणि थांबलाय तर कशासाठी. प्रत्येक लॉकची वेगळी नोंद: सध्या कोणाच्या ताब्यात. या दोन्ही नोंदी शेजारी ठेवायच्या आणि बाण काढायचे. टास्कपासून तो ज्याची वाट बघतोय त्या लॉककडे एक बाण, लॉकपासून त्याच्या मालकाकडे दुसरा. बाणांचं वर्तुळ पुरं झालं की डेडलॉक सापडला. मी ते बॉबिनच्या स्लिपच्या मागे काढलं. फोरमन मागे उभा राहून दर पाच मिनिटांनी विचारत होता, “बेन, हवे चालू करी दउं?”

नोंद लिहिणाऱ्या टास्कने मेमरी चिपचं लॉक घेतलं होतं. नोंदीत सुताचा लॉट नंबर घालायचा म्हणून तो सेटिंगच्या लॉकची वाट बघत होता. सेटिंगचं लॉक मुख्य संगणकाशी बोलणाऱ्या टास्ककडे होतं. नवा लॉट सुरू झाल्यामुळे त्याने तक्ता बदलला होता, आणि तो बदल मेमरी चिपवर जपून ठेवण्यासाठी चिपच्या लॉकची वाट बघत होता. वर्तुळ पुरं. आणि कटरचा टास्क, बिचारा सगळ्यात वरच्या अग्रक्रमाचा, धागा किती सैल झाला म्हणजे तुटला समजायचं हा आकडा वाचण्यासाठी सेटिंगच्या लॉकपाशी उभा होता. उसना अग्रक्रम इथे काही कामाचा नव्हता. अडकलेल्याला कितीही मोठा हुद्दा दिला तरी तो दुसऱ्या अडकलेल्याचीच वाट बघणार.

कटर, वायर, यूपीएस यांचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता हे आता उघड झालं. इतके दिवस ते का दिसलं नाही, हेही. डेडलॉक व्हायचा लॉट बदलताना. पण तो कळायचा पुढे कधीतरी धागा तुटल्यावर, म्हणजे कित्येकदा दुसऱ्या पाळीत. कारण एका पाळीचं, बोंब दुसऱ्या पाळीत. दोघांची रजिस्टरं वेगळी. पडद्याच्या टास्कला यातलं कोणतंच लॉक लागत नव्हतं, म्हणून हिरवा दिवा तसाच.

वॉचडॉगचं काय, असं जाणकार विचारतील. वॉचडॉग हे प्रोसेसरमधलं एक घड्याळ. सॉफ्टवेअरने ते ठरावीक वेळेत पुन्हा पुन्हा मागे फिरवायचं असतं. सॉफ्टवेअर अडकलं, घड्याळ संपलं, की प्रोसेसर आपोआप रिसेट. या कार्डात तो होता. पण घड्याळ मागे फिरवायचं काम दर मिलिसेकंदाला येणाऱ्या टायमरच्या इंटरप्टकडे, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून येणाऱ्या हाकेकडे, दिलं होतं, आणि इंटरप्ट कोणत्याही लॉकसाठी थांबत नाही. ते तिन्ही टास्क थिजून गेले तरी तो इमानाने वॉचडॉगला सांगत राहिला, की सगळं छान चाललंय. असला वॉचडॉग मी नंतर आणखी कितीतरी कार्डांत बघितलाय. बसवलाय असं कागदावर दाखवता येतं, एवढाच त्याचा उपयोग.

दुरुस्ती छोटी होती. प्रचलित सल्ला असा, की सगळ्या टास्कनी लॉक एकाच ठरलेल्या क्रमाने घ्यावीत, मग वर्तुळ बनतच नाही. मी त्याहून कडक मागणी केली: एका हातात दोन लॉक नकोतच. नोंदवाल्याने सेटिंगचं लॉक घ्यावं, लॉट नंबरची नक्कल करावी, लॉक सोडावं, आणि मगच चिपकडे जावं. संगणकाशी बोलणाऱ्यानेही तसंच. चार अटींतली दुसरी मोडली की पुढचं काही उरत नाही.

याचा आणखी एक फायदा झाला, आणि खरं तर तोच मोठा निघाला. मेमरी चिप असते फ्लॅश प्रकारची; तिच्यात लिहिण्याआधी एक कप्पा पुसावा लागतो, आणि पुसायला अशा चिपांना साधारण पन्नास मिलिसेकंद लागतात, कधी काहीशे. आधीच्या पद्धतीत तेवढा सगळा वेळ सेटिंगचं लॉक धरलेलं राही. म्हणजे प्रत्येक लॉट बदलताना, डेडलॉक न होताही, कटर काही क्षण आंधळा होता. तीनशे मिलिसेकंदांत साडेतीन मीटर सूत जातं. डेडलॉक क्वचित व्हायचा आणि आरडाओरडा व्हायचा. हा उशीर रोज होत होता आणि कोणाच्या लक्षात नव्हता. लॉकसाठीची ही रोजची रेटारेटी माझ्या मते डेडलॉकपेक्षा वाईट, कारण तिची तक्रार कोणी करत नाही.

ती मोजायची कशी, हाही प्रश्नच. पहिला मोह होतो प्रत्येक ठिकाणी सीरियल पोर्टवर ओळ छापण्याचा. पण ११५२०० बॉडच्या वेगाने साठ अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला पाच मिलिसेकंद लागतात. तेवढ्याने सगळ्या टास्कची वेळ सरकते आणि जो डेडलॉक शोधतोय तोच गायब होतो. त्याऐवजी प्रोसेसरची एक रिकामी पिन घ्यायची. लॉक घेतलं की वर, सोडलं की खाली. दोन-चार सूचनांचं काम, वेळ जवळजवळ शून्य. पिनेवर लॉजिक अॅनालायझर लावला की प्रत्येक लॉक किती वेळ धरलं गेलं ते पडद्यावर दिसतं.

हा छापण्याचा जाच फक्त आमच्यासारख्यांना आहे असं नाही. लिनक्सला रिअल-टाइम बनवण्याचं काम २००४ च्या सुमारास सुरू झालं. इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर, स्टीव्हन रॉस्टेट वगैरे मंडळी वर्षानुवर्षं त्यात होती. मूळ लिनक्समध्ये ते पूर्णपणे सामील व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला, आवृत्ती ६.१२. शेवटपर्यंत अडून बसलेला भाग कोणता, तर कर्नलचे संदेश छापणारा! व्हिएन्नातल्या परिषदेत ग्लाइक्सनर यांनी ही शेवटची विनंती सोनेरी कागदात गुंडाळून लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांच्या हातात दिली. त्याच मोल्नार यांनी २००६ मध्ये लिनक्सला एक तपासनीस जोडून दिला होता, लॉकडेप नावाचा. कोणतं लॉक हातात असताना कोणतं मागितलं गेलं, याची तो यादी ठेवतो. आज अ नंतर ब, आणि कधीतरी दुसरीकडे ब नंतर अ घेतलं गेलं, की तो लगेच तक्रार छापतो. प्रत्यक्ष डेडलॉक झालेला नसला तरी. माझ्या कार्डावर एवढी जागा नाही, पण कार्ड बनवणाऱ्यांच्या टेबलावरच्या चाचणीत असं काहीतरी नक्कीच बसवता आलं असतं. मोटारींच्या सॉफ्टवेअरमध्ये, जे आपल्या पुण्यातही मोठ्या प्रमाणावर लिहिलं जातं, ऑसेक या जर्मन परंपरेतल्या ऑपरेटिंग सिस्टिमांनी तर लॉक घेतानाच टास्कला त्या लॉकच्या कमाल अग्रक्रमावर नेऊन ठेवायचा नियम केलाय, त्यामुळे एका प्रोसेसरवर डेडलॉक आणि मंगळावरचा पेच, दोन्ही उद्भवतच नाहीत. ब्रेकच्या पेडलाखाली डेडलॉक परवडत नाही; शाफ्टवर गुंडाळलेलं सूत परवडतं, असा हिशेब असावा.

नवीन कार्डांच्या खरेदीचा कागद आता माझ्याकडून तपासून जातो. त्यात मी तीन कलमं घातली आहेत. वॉचडॉगला प्रत्येक टास्कने स्वतंत्रपणे ‘मी जिवंत आहे’ असं कळवावं, आणि सगळ्यांचं आल्यावरच घड्याळ मागे फिरावं. लॉकची वाट बघायला मुदत असावी, आणि मुदत संपली तर कोण कोणासाठी थांबलं होतं ते लिहिलं जावं. तिसरं, शेवटच्या काही शे घटना रॅमच्या अशा कोपऱ्यात ठेवाव्यात, जो वॉचडॉगच्या रिसेटनंतर प्रोग्राम पुसत नाही, आणि सुरू होताना त्या आधी फ्लॅशमध्ये उतरवाव्यात. एमसीबी पाडला तर रॅमही जाते, म्हणून पॅनेलवर वेगळं रिसेट बटण मागितलंय, जे वीज न तोडता फक्त प्रोसेसर रिसेट करतं. ऑपरेटरला दाबायला काहीतरी हवंच असतं, ते हे दाबू दे.

पुरवठादाराने विचारलं, दुसरं कोणी गिऱ्हाईक असलं काही मागत नाही, तुम्हालाच का हवं? बटणाचे आणि नोंदीच्या कामाचे त्याने कार्डामागे वेगळे पैसे लावले. खरेदी विभागाने तिसरं कलम खोडून कागद परत पाठवला. मी कटर, वायर आणि यूपीएसची जुनी बिलं त्याला जोडून तो पुन्हा वर पाठवलाय.